चौथा डाग

जमोक,

तू पत्रं वाचत नाहीस हे मला ठाऊक आहे. पाकीट फोडशील, वरच्या चार ओळी बघशील आणि "नर्सबाईंना आता काही काम उरलेलं नाही" असं म्हणून ते साबणाच्या डब्यामागे खोचून ठेवशील. ठेव. जिल्ह्याच्या मासिकानं माझ्याकडे लेख मागितलाय, आपल्या भागातल्या एखाद्या साध्या माणसावर. हेडमास्तरांवर आणि सरपंचांवर लिहायला पुष्कळ जण बसलेत. मी तुझ्यावर लिहिणार आहे. परवानगी मागत नाही, फक्त कळवते.

तुझ्या तोंडावर हे सांगणं शक्य नाही. तू प्रत्येक वाक्यात तोंड घालशील. वीस वर्षं तू माझी पाठ बघितलीस, तिच्यावरची प्रत्येक तीळखूण तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तेव्हा आता मी तुझ्याकडे पाठ करते आणि लोकांना सांगते. तुला 'ती' म्हणेन, मला स्वतःला 'नर्सबाई' म्हणेन, सगळे म्हणत तसंच. चूक सापडली तर फोन कर. पण पुरतं वाचल्यावर.

*

प्यो जमोक हिचा धंदा माणसं घासण्याचा. सोल्चेच्या बाजारगावात एकच सार्वजनिक न्हाणीघर. विषम तारखेला बायकांचं, सम तारखेला पुरुषांचं. विषम तारखांना जमोक आतल्या रेक्झिनच्या बाकड्याशी उभी असते. हातात ती खरखरीत हिरवी घासणी, केस टॉवेलात बांधलेले, वाफेनं चेहरा भाजलेल्या रताळ्यासारखा लाल. गिऱ्हाईक गरम पाण्यात बसून मऊ झालं की बाकड्यावर येऊन पडतं. मग पुढून, उजव्या कुशीवर, पाठीवर, डाव्या कुशीवर. कानामागं, काखेत, बोटांच्या बेचक्यांत. अर्ध्या तासात बाई नव्या भांड्यासारखी चकचकीत होऊन उठते आणि बाहेर जाऊन केळ्याचं थंड दूध पिते.

आमच्या कोरियनमध्ये 'जम' म्हणजे तीळ. जन्मताच हिच्या हनुवटीखाली वाटाण्याएवढा तीळ होता म्हणून बापानं तेच नाव ठेवलं, डोकं जास्त चालवलं नाही. नवरा गेल्यावर वयाच्या एकतिसाव्या वर्षी शहरात जाऊन ती हे काम शिकली आणि सोल्चेला आली. सगळ्या जणी तिला 'मावशी' म्हणतात, तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या असलेल्यासुद्धा.

आता गंमत अशी, की आमच्याकडची म्हातारी बाई डॉक्टरसमोर कोटाचं वरचं बटणही काढत नाही. आरोग्य चौकीत नर्सबाईसमोर बसून "छातीत दुखतं" म्हणेल, आणि छाती दाखव म्हटलं की मनगट पुढे करील. तीच बाई न्हाणीघरात दारातून आत येतानाच सगळं उतरवून, बादली काखेत मारून, ओरडून चौकशी करते, "मावशी, माझा नंबर कितवा?" त्यामुळे सोल्चेच्या बायकांच्या अंगावर काय चाललंय ते नर्सबाईच्या रजिस्टरात कमी आणि जमोकच्या डोक्यात जास्त असायचं.

एकदा सुताराची बायको आली. बरगडी दुखते, म्हणाली, जोरात घास. जमोकनं हात मागं घेतला. बरगडीखालून पाठीच्या कण्यापर्यंत, फक्त डाव्या अंगाला, पुरळाचा लाल पट्टा उठलेला आणि त्यात बारीक पाणीदार फोड.

"ही नागीण आहे गं. हिला घासायचं नाही. आज फोड आले ना? मग आजच जा. तीन दिवसांच्या आत गोळ्या सुरू झाल्या तर बरं, नाहीतर फोड जातात आणि ठणका वर्षभर राहतो."

"तुला काय माहीत?"

"माझ्या सासूचा ठणका मी वर्षभर ऐकला. जा."

वृद्धाश्रमात चादरी धुणाऱ्या बाईच्या बोटांच्या बेचक्यांत तिनं खरूज ओळखली, आणि मलम एकटीनं लावून भागणार नाही, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, कपडे-चादरी कढत पाण्यातून काढायच्या, हेही तिनंच ठणकावलं. हे तिला नर्सबाईनं शिकवलं होतं, पण नर्सबाई शिकवायची तेव्हा लोक जांभया देत. जमोक घासता घासता सांगायची तेव्हा माणूस पालथं पडलेलं असायचं, जाणार कुठं? एकीचा खोकला तीन आठवडे वाफेतसुद्धा सुटेना, वर वजन उतरत चाललेलं. बाकड्यावर बरगड्या हाताला लागायला लागल्या. जमोकनं तिला ओल्या केसांनीच चौकीत पाठवलं. क्षय निघाला. सहा महिने गोळ्या. दुसऱ्याच महिन्यात बरं वाटायला लागलं तशी ती गोळ्या सोडायला निघाली, तेव्हा जमोकनं तिला सांगितलं, "सोड. पण मग माझ्या बाकड्यावर यायचं नाही." घासून घेतल्याशिवाय बाईला करमेना. गोळ्या पुऱ्या झाल्या.

असं सगळं चांगलं चालू असताना जमोकच्या हातून एक चूक झाली, आणि ती चूक ती अजून विसरलेली नाही.

आमच्याकडे अंग दुखलं, पोट बिघडलं की डाग देतात. दवण्याच्या जातीचा पाला वाळवून, कापसासारखा कुटून, त्याची चण्याएवढी गोळी करायची, दुखऱ्या शिरेच्या जागी कातडीवर ठेवायची आणि पेटवायची. जळून खाली येते, चटका बसतो, काळी खपली धरते. निम्म्या म्हाताऱ्यांच्या पोटांवर आणि गुडघ्यांखाली असे डाग असतात. त्या शरद ऋतूत बाजारातली मिरचीवाली अंग ठणकतंय म्हणत आली. मांडीच्या सांध्यात एक काळी खपली होती. डागाची असेल, असं समजून जमोकनं ती घासून साफ काढली. गुळगुळीत. वर म्हणाली, "बघ, कशी लोण्यासारखी झालीस."

तिसऱ्या दिवशी मिरचीवाली शहरातल्या मोठ्या इस्पितळात होती. फुप्फुसात पाणी, मूत्रपिंडं थकलेली. तिथले डॉक्टर तिच्या अंगावर काळी खपली शोधत राहिले आणि त्यांना सापडला एक गुलाबी खळगा. वाचली, पण महिनाभरानं घरी आली.

"खपली कशाला शोधत होते?" जमोकनं नर्सबाईला विचारलं.

"गवतात डोळ्याला न दिसणारे बारीक किडे असतात त्यांची पिल्लं चावतात. चावलेलं कळत नाही. आठ-पंधरा दिवसांनी थंडी वाजून ताप येतो, डोकं फुटतं, अंग मोडून येतं, मग अंगावर लाल पुरळ. आणि चावलेल्या जागी काळी खपली, भोवती लाल कडं. दुखत नाही, खाजत नाही. लपलेली असते. काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली, गुडघ्यामागं. छुछुगामुसी म्हणतात त्या तापाला."

"चुचू काय?"

"ताप म्हण. लवकर ओळखला तर साध्या गोळ्यांनी दोन दिवसांत उतरतो. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पण ओळखायला पाहिजे."

"आणि मी ती खपली घासून काढली."

नर्सबाईला खोटं बोलता येत नव्हतं. "काढलीस," ती म्हणाली.

त्यानंतर जमोकनं एक केलं. बाकड्यावर येणाऱ्या प्रत्येकीचे डाग पाठ केले. कोणाच्या बेंबीखाली दोन, कोणाच्या गुडघ्याखाली एकेक, कोणाच्या पाठीवर पाच. नवीन दिसला की आधी विचारायचं, मग हात लावायचा.

*

पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरची गोष्ट. चांद्रवर्षाचा दहावा महिना, म्हणजे घराण्यांनी डोंगरावर पूर्वजांच्या थडग्यांशी जाऊन नैवेद्य दाखवण्याचे दिवस. विषम तारीख होती. दुपारी नर्सबाई न्हाणीघरात आली ती अंगावर कोट, पायात मोजे अशी, आणि कपडे न काढता सरळ आत वाफेत घुसली. बायकांनी कालवा केला.

"जमोक, बाहेर ये. बामगोलवालीला ताप आहे. पाचवा दिवस."

जमोकचा हात थांबला. बाकड्यावरची बाई म्हणाली, "मावशी, माझी डावी बाजू राहिली."

"तुझी डावी बाजू कुठं पळून जात नाही."

बामगोलवाली म्हणजे बामगोल गावाहून लग्न होऊन आलेली, डोंगराखालच्या वाडीतल्या थोरल्या घराण्याची थोरली सून. वय एकाहत्तर, नवरा वारलेला, नाकावर माशी बसू द्यायची नाही. तिच्या हाताला एक देणगी होती: लाल डाळीच्या दाट कढणात सोडलेल्या तिच्या हातच्या शेवया. पाच गावांत तशा कोणाला जमत नसत. नऊ महिन्यांपूर्वी, भरल्या न्हाणीघरात, तिची पाठ घासताना जमोक बोलून गेली होती, "अक्का, काय शेवया निघतायत! आठ जणांना पुरतील." मळाच्या वळ्या होत्या त्या. सगळं न्हाणीघर हसलं. त्यानंतर घरी झालेल्या पहिल्याच जेवणावळीत बामगोलवालीनं शेवया वाढल्या तर दोघी जणींना ठसका लागला. तेव्हापासून तिनं न्हाणीघराचं तोंड पाहिलं नव्हतं. घरीच न्हायची, आणि बाजारात जमोक समोर आली की मुळ्यांचा भाव विचारायला वळायची.

"एवढंसं तोंड झालंय," नर्सबाई सांगत होती. "डोकं धरून बसलीय. पंधरा दिवसांपूर्वी डोंगरावर थडग्यांजवळचं गवत कापायला गेली होती, तिथंच गवतात बसून चेस्टनट वेचले. मला विचारशील तर तोच ताप आहे. मी गोळी दिली तर म्हणते, औषध आजाऱ्यांसाठी असतं, मला मोमसाल आलाय."

मोमसाल हा शब्द सगळ्या कोरियाचा लाडका. काम जास्त झालं, अंग ठणकलं, कणकण आली, की मोमसाल. ताप आला म्हटलं तर माणूस आजारी ठरतं. मोमसाल आला म्हटलं तर कामसू ठरतं. मोमसालाला आल्याचा काढा, खालून ऊब देऊन गरम केलेली घरातली जमीन आणि जाड रजई. आमच्या बायकांना त्या शब्दाचा इतका अभिमान, की काहींना तो थेट इस्पितळात पोहोचवून परत आला.

"अंगावर बघितलंस?"

"मनगट आणि जीभ. बाकी काही दाखवेना. परवा दुसऱ्या वाडीत याच तापानं एक म्हातारा गेला, तेही सांगितलं. म्हणाली, तो आळशी होता." नर्सबाईनं चष्म्यावरची वाफ पुसली. "इस्पितळाची गाडी बोलावीन म्हटलं, तर दाराला कडी लावीन म्हणाली. खपली सापडली तर तिच्या डोळ्यांसमोर धरता येईल. तुला दाखवील."

"मला? ती मला तोंड दाखवत नाही, बाकीचं कुठनं दाखवणार?"

पण बोलता बोलता जमोकनं घासणी, एक मऊ टॉवेल आणि खुंटीवरचा आपला छोटा गोल आरसा बादलीत टाकला होता.

*

बामगोलवाली तापलेल्या जमिनीवर, दोन रजयांखाली पडली होती. खोलीत काढ्याचा वास कोंडलेला. गालांवर लाली, ओठ फुटलेले. दार सरकलं तसं तिनं एक डोळा उघडला.

"कोण मेलं म्हणून आलीस?"

"अजून कोणी नाही, अक्का. म्हणून तर आले."

"शेवया संपल्यात. जा."

जमोकनं बादली खाली ठेवली. "पाच दिवसांनी नैवेद्य आहे ना? घराण्याचे तेवीस पुरुष येणार, चार पिढ्यांचे पूर्वज बसणार जेवायला. आणि स्वयंपाकाला हात कोण लावणार? पाच दिवस अंगाला पाणी न लावलेली थोरली सून?"

रजई हलली. हा घाव बरोबर बसला. आमच्याकडे न न्हालेल्या हातानं पूर्वजांचं पान वाढत नाहीत, आणि बामगोलवालीनं पन्नास वर्षांत ते दुसऱ्या कोणाला वाढू दिलं नव्हतं.

"उद्या न्हाईन मी माझी."

"उभी राहून दाखव."

बामगोलवाली उठून बसली, आणि दोन्ही हातांनी डोकं धरून तशीच राहिली. बराच वेळ. जमोकनं खोलीतल्या चुलीवरचं पाणी घेतलं, गार घालून कोमट केलं.

"फक्त पाठ," बामगोलवाली म्हणाली.

"फक्त पाठ."

"आणि तोंड बंद."

"ते मात्र जमणार नाही."

घासणी तिनं बाहेर काढलीच नाही. मऊ टॉवेल कोमट पाण्यात पिळून हलक्या हातानं पुसत गेली. कातडी चटका बसावा इतकी गरम. पाठीवर दुखण्यावर लावायच्या तीन चिकटपट्ट्या, त्या सोलल्या. खाली काही नाही. मान साफ, कानामागं साफ, काखा साफ. काखेत मात्र गाठ हाताला लागली, आवळ्याएवढी. कमरेभोवती फिकट लाल ठिपके पसरलेले.

"अक्का, जरा पुढे वळ."

"पाठ म्हणालीस."

"पुढचीही पाठीलाच चिकटलीय, काय करू?"

बामगोलवालीच्या नाकातून आवाज आला. हसू होतं की खोकला, सांगता आलं नसतं. ती वळली.

जमोकला तिचं पोट स्वतःच्या घरासारखं माहीत होतं. बेंबीच्या वर एक डाग, खाली दोन. अकरा वर्षं तेवढेच. आत्ताही तेवढेच. जांघा पाहिल्या, गुडघ्यांमागं पाहिलं. काही नाही. नर्सबाई चुकली असेल? की आधीच कुठं घासून निघाली? मग तिनं डावा स्तन तळहातानं वर उचलला, बाकड्यावर प्रत्येकीचा उचलते तसा, आणि खालची घडी पुसायला टॉवेल नेला.

टॉवेल तिथंच थांबला.

घडीत, अगदी आत, बोटाच्या नखाएवढी काळी खपली. भोवती लाल कडं.

"हा कधीचा?"

"काय?"

"डाग. चौथा."

"दिला असेन मीच. गेल्या आठवड्यात दिलेच होते, पोटावर."

"पोटावर तीन होते, तीनच आहेत. इथं दिलास? या घडीत?"

"दिला असेन म्हटलं ना!"

"अक्का, ऐक. पेटती गोळी घडीत ठेवलीस, तर वरच्या बाजूलाही चटका बसला असता. वरचा डाग कुठाय?"

बामगोलवालीनं रजई ओढायला हात लांबवला.

"आणि हे दाबतेय मी. दुखतं?"

"नाही."

"तुझा बेंबीवरचा डाग नवा होता तेव्हा आठवडाभर हात लावू दिला नव्हतास. शिव्या दिल्यास मला, सगळ्यांसमोर. हा दुखत का नाही?"

"मला दिसत नाही तिथलं. तू काहीही सांगशील. सूड उगवतेस."

जमोकनं बादलीतून आरसा काढला, तिच्या हातात दिला आणि तो खाली तिरका धरवला. बामगोलवालीनं मान खाली घातली, डोळे बारीक केले.

"अगं बाई! हा कोण काळ्या डोळ्यानं बघतोय माझ्याकडे!"

आणि आरसा सुटला. चुलीच्या दगडी कडेवर आपटून त्याचे चार तुकडे झाले.

"फुटला," बामगोलवाली म्हणाली. आवाज एकदम लहान मुलीसारखा. "मिरचीवालीला... हेच?"

"हेच. तिची मी घासून काढली होती, अक्का. तुझी नाही काढणार." जमोकनं तिच्या खांद्यावर सदरा टाकला. "मोमसाल नाही हा. गवतातला किडा चावलाय. तू कामसूच आहेस, त्याला कोणी नाही म्हणत नाही. आता गोळी घे."

"कुत्र्याच्या भांड्यात टाकली मी."

"माझ्याकडे दुसरी आहे," बाहेरून आवाज आला. नर्सबाई पाऊण तास अंगणाच्या भिंतीशी उभी होती. पाय गारठले होते. ती आत आली, खपली बघितली, आणि इतक्या मोठ्यानं "वा!" म्हणाली की बामगोलवालीनं घडी झाकून घेतली.

"भरपूर पाणी. पूर्ण पेला. आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर गोळी घशाखाली अडकून भाजते."

"अर्धा तास बसू? माझं डोकं फुटतंय आणि बसू?"

मग दोघी तिच्या दोन बाजूंना टेकू देऊन बसल्या. अर्ध्या तासात बामगोलवालीनं नऊ महिन्यांचा राग वेळापत्रकानुसार बाहेर काढला: कोण हसलं, कोणाला ठसका लागला, कोणी वाटी अर्धी ठेवली. जमोक प्रत्येक नावाला मान डोलवत होती.

"आणि तू सगळ्यांत मोठ्यानं हसलीस."

"हसले."

"जीभ झडो तुझी."

"झडेल तेव्हा नर्सबाईंना दाखवू."

नर्सबाईनं घड्याळ बघितलं आणि गाडी बोलावली. या वयात, पाच दिवसांच्या तापावर घरी बसून चालत नाही. जिल्ह्याच्या दवाखान्यात रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला. फुप्फुसं अजून साफ होती. बामगोलवाली तिथल्या प्रत्येक नर्सला स्वतःहून खपली दाखवत होती, शेजारच्या पलंगावरच्या बायकोला भेटायला आलेल्या माणसालाही दाखवायला निघाली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला. तिसऱ्या दिवशी तिनं जेवणाला नावं ठेवली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता न्यायला हरकत नाही. पण गोळ्या ठरल्या तेवढ्या दिवस संपवायच्या.

*

नैवेद्याच्या दिवशी तिनं पळीला हात लावला नाही. अंगणात खुर्ची टाकून बसली, अंगावर शाल, आणि तिथून सुनांना, पुतणसुनांना असं पळवलं की त्यांना ती आजारीच बरी होती असं वाटलं. पूर्वजांचं पान मात्र तिनं वाढलं. कोमट पाण्यानं न्हाऊन. पाठ जमोकनं पुसली होती, तेही सकाळी सहाच्या बसनं येऊन.

मग डोंगर. घराण्यातले तेवीस पुरुष, त्यात एक न्यायाधीश आणि एक कॉलेजचे प्राचार्य, भारी कोट घालून थडग्यांपाशी जमले. बामगोलवाली पुतण्याच्या गाडीतून वर आली, खिडकीची काच खाली केली आणि आज्ञा सोडली, "विजारी मोज्यांत खोचा!"

"काकू, अहो, हा पूजेचा प्रसंग आहे," प्राचार्य म्हणाले.

"पूर्वजांना चालेल. त्यांच्यात जायची तुला एवढी घाई झालीय का? खोच. आणि गवतात बसायचं नाही, चटया आणल्यात. कोट गवतावर टाकलास तर इथून दिसतं मला. घरी गेल्या गेल्या सगळ्यांनी आंघोळ, कपडे धुवायला. आणि पंधरा दिवसांत ताप आला तर मोमसाल म्हणायचं नाही. हा शब्द या घराण्यात बंद!"

तेवीस माणसं मोज्यांत विजारी खोचून, फुगलेल्या गुडघ्यांनी चटयांवर वाकली. न्यायाधीशांच्या मोज्यांवर बदकं होती. त्या दिवसाचा फोटो अजून बामगोलवालीच्या बैठकीत आहे.

पुढच्या बाजाराच्या दिवशी, विषम तारखेला, ती न्हाणीघरात आली. हातात बादलीऐवजी मोठं झाकणाचं भांडं. तसंच आत वाफेत नेऊन तिनं ते जमोकच्या बाकड्यावर आदळलं.

"शेवया. आठ जणांना पुरतील."

मग कोपऱ्यातून कोणीतरी फिस्स केलं आणि सगळं न्हाणीघर इतकं हसलं, की बाहेर चपला सांभाळणारी धावत आत आली. बायकांनी टॉवेल गुंडाळून, ओल्या केसांनी, कढणातल्या शेवया खाल्ल्या. ठसका कोणालाच लागला नाही. जमोकनं तीन वाट्या खाल्ल्या आणि तिच्या तोंडातून त्या दिवशी एकही चेष्टा निघाली नाही. हे सोल्चेच्या इतिहासात एकदाच घडलं.

त्या वर्षापासून जमोकनं बाकड्याशेजारी पुठ्ठा लावला. त्यावर बाईचं चित्र, तिनंच काढलेलं, बटाट्यासारखं, आणि खपली लपते त्या जागांवर काळे ठिपके. आरोग्य खात्याचं छापील चित्र आलं होतं, पण त्यातल्या माणसानं कोट-टाय घातला होता. "याला कुठं बघायचं?" म्हणून तिनं ते मागच्या बाजूनं लिहायला वापरलं. पुरुषांचं काय, असा प्रश्न आला, तेव्हा बायकांना हुकूम सुटला: ज्यांचे नवरे डोंगरावर गेले त्यांनी घरी तपासायचे. कुंभाराची बायको चौकीत येऊन सांगून गेली, "पन्नास वर्षांत मी त्याच्या काखेत पहिल्यांदा बघितलं. तो म्हणतो, तुला वेड लागलं. पण होती, नर्सबाई! होती!" गोळ्या घेऊन कुंभार तिसऱ्या दिवशी परत चाकावर बसला.

*

आता परत तुझ्याकडे वळते, जमोक.

त्याच नोव्हेंबरात, शेवया खाऊन झाल्यावर, तू मला म्हणालीस, "नर्सबाई, सगळ्यांच्या पाठी मी बघते, माझी कोण बघणार? आरसा अक्कानं फोडला. शहरात जाल तेव्हा लांब दांड्याचा आणा, म्हणजे मागनं धरून बघता येईल." मी हो म्हटलं. आणि बामगोलवाली तुझ्यामागून म्हणाली, "आरसा येईपर्यंत मी बघते. वळ."

आरसा येईपर्यंत. पहिल्या वर्षी विसरले, खरं सांगते. दुसऱ्या वर्षी दुकान बंद होतं. पुढंही दर वर्षी काहीतरी आड आलं. मग मी निवृत्त होऊन शहरातच राहायला आले, आणि आता सबब सांगायला तोंड नाही, कारण दुकान माझ्या घराखाली आहे.

काल गेले होते. होता. दांडा हातभर लांब, काच मोठी, तुझ्या मनासारखा. दुकानदार कागदात गुंडाळायलाही लागला. तेवढ्यात मला परवाचा तुझा फोन आठवला: बामगोलवाली एक्क्याण्णव वर्षांची झाली, गुडघे गेले, मुलगा म्हणतो घरीच न्हाऊ घालतो, तरी दर बाजाराला काठी टेकत बस पकडते, वाहकाला सांगते, "मावशीची पाठ बघायची राहिलीय, आरसा अजून आला नाही."

मी दुकानदाराला म्हटलं, राहू दे. त्याऐवजी हिरव्या घासण्या द्या, सहा.

पार्सल उद्या टाकते. आरसा नाही त्यात.